सोळा मात्रांची डोर

पडदा वर जातो. साल सत्त्याऐंशी, मकर संक्रांतीची सकाळ, पावणेअकराची वेळ. जयपूर जंक्शनचा एक नंबरचा प्लॅटफॉर्म. आभाळात इतके पतंग, की ऊन चाळणीतून पडल्यासारखं वाटतंय. खाली झेंडूच्या माळा घेऊन उभी असलेली चार-पाचशे माणसं, भाड्यानं आणलेला लाल डगल्यांचा बँड, आणि सगळ्यांची तोंडं दिल्लीकडून येणाऱ्या रुळांकडे. वर, लोखंडी जिन्याच्या माथ्यावर, काचेची एक खोली. तिथं करड्या स्वेटरवर पदर घट्ट खोचून एक बाई बसली आहे. समोर माईक, बाजूला पाण्याचा तांब्या. खालचं एकही डोकं तिच्याकडे वळलेलं नाही. या स्टेशनात हजारो माणसं तिला रोज ऐकत, तिला पाहिलेलं मात्र फार थोड्यांनी.

या खेळाची नायिका तीच. तिचं नाव द्वारका उत्तमराव साळुंखे. पिंक सिटी एक्सप्रेस यायला अजून पंचवीस मिनिटं होती, आणि द्वारका या पंचवीस मिनिटांची वाट गेली नऊ वर्षं पाहत होती.

मिरजेत सतारीची दुकानं एका अंगाला आणि रेल्वेची चाळ दुसऱ्या अंगाला. द्वारका चाळीत वाढली, पण तिचा कान दुकानांत वाढला. वडील ज्ञानोबा पॉइंट्समन. ते झेंडी दाखवायला गेले की ही दुकानाच्या पायरीवर बसून तारा जुळवण्याचा आवाज ऐकायची. सूर लागला की तिला कळायचं आणि कारागीर मान वर करण्याआधीच ती हसायची. रीतसर शिक्षण म्हणाल तर चार वर्षांचं, तेही शेजारच्या आक्काबाईंकडे, भाकऱ्या थापून देण्याच्या बोलीवर. पण दमसास देवाचा. एका श्वासात ती इतकं लांब जायची, की आक्काबाईच म्हणायच्या, "पोरी, थांब आता, मला धाप लागली."

लग्न झालं तेही रेल्वेतच. उत्तमराव पश्चिम रेल्वेत टेलिफोन आणि कर्णे दुरुस्त करणारा मेकॅनिक, मुंबईला. बायकोचा गळा पाहून त्यानंच तिचा अर्ज भरला आणि रेल्वेच्या कलाकारांसाठी ठेवलेल्या जागांपैकी एक तिला मिळाली. दिवसा कारकुनी, वर्षातून दोनदा रेल्वेच्या स्पर्धेत गाणं. अशाच एका स्पर्धेत नागनाथ कामत नावाच्या संगीतकारानं तिला ऐकलं आणि स्टुडिओत बोलावलं. गायला नव्हे, ट्रॅक गायला.

ट्रॅक म्हणजे काय, ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मोठ्या गायिकेला वेळ नसे. म्हणून वादक मंडळी आधी एखाद्या साध्या गाणाऱ्या बाईला उभी करून गाणं वाजवून घेत. मग मोठी गायिका तिच्या सवडीनं येई, कानाला यंत्र लावून त्या बाईचं गाणं ऐकून ऐकून उचली आणि त्या जागी आपला आवाज भरी. पहिला आवाज पुसून टाकत. टेपच्या डब्यावर नाव पहिल्यापासून मोठ्या गायिकेचंच लिहीत. ट्रॅक गाणारीचं नाव लिहिण्याची पद्धतच नव्हती.

अठ्ठ्याहत्तर साली द्वारकानं 'कच्ची मेरी डोर' या गाण्याचा ट्रॅक गायला. पतंगाचं गाणं, हिंदी, उडत्या चालीचं. नागनाथकाकांनी मुखड्यातली 'डोर' आठ मात्रांची बांधली होती. द्वारका गाताना पुढं गेली. आठच्या सोळा मात्रा केल्या, आणि शेवटी सूर असा सोडला की पतंगाला ढील दिल्यासारखा वाटावा. वादक वाजवता वाजवता तिच्याकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी गायिका आली. मधुमती. तेव्हा तिचं नाव नुकतंच गाजायला लागलं होतं. मोठे गॉगल्स, आखूड केस, स्टेजवर नाचत गाणारी पहिल्या काही जणींतली एक. तिनं ट्रॅक ऐकला. पुन्हा ऐकला. सोळा मात्रांची डोर ओढून पाहिली, ती नवव्या मात्रेला तुटली. पुन्हा ओढली, पुन्हा तुटली. मग तिनं कानाचं यंत्र काढलं आणि कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या द्वारकाकडे न बघता नागनाथकाकांना सांगितलं, "ही बाई माझ्या गळ्याची नक्कल करते. हिला पुन्हा बोलवायचं नाही. कुठंच."

रेकॉर्ड आठ मात्रांचीच निघाली आणि भरपूर खपली. द्वारकाला पुन्हा कोणी बोलावलं नाही. 'नक्कल करणारी' एवढे दोन शब्द तिच्या आधी प्रत्येक स्टुडिओत पोचलेले असत. स्वतःच काढलेल्या जागेची चोर ठरून ती गाणं सोडून नुसत्या कारकुनीत बसली. ऐंशी साली उत्तमरावांची बदली जयपूरला झाली तेव्हा तिनं हूं की चूं केलं नाही. सामान बांधलं आणि आली.

शास्त्री नगरात दोन खोल्या मिळाल्या. स्टेशनावर अनाउन्सरची जागा रिकामी होती. साहेबांनी एक वाक्य बोलायला लावलं आणि खुर्ची दिली. सात वर्षांत त्या आवाजाची शहराला इतकी सवय झाली, की गाडी सुटण्याच्या घाईतसुद्धा लोक ते वाक्य पुरं व्हायची वाट बघत. एका दमात सात स्टेशनं घ्यायची तिची रीत होती. मध्ये कुठं श्वास ऐकू येत नसे. वेटिंग रूमची देखरेख करणारी जवळच्या चौमूं गावची पार्वती तर म्हणायची, "बाईसा बोलती है तो लगता है गाड़ी आ ही गई."

शहाऐंशीच्या दिवाळीत ती कॅसेट निघाली. 'मधुमती: सदाबहार बारा'. वरच्या कागदावर तिचे बारा फोटो, आत गाजलेली बारा गाणी. कंपनीला दिवाळीची घाई होती. जुन्या टेपांच्या खोलीतून मधुमतीच्या नावाचे डबे काढले, जोडले, छापले. द्वारकाचा तो ट्रॅक मात्र नागनाथकाकांना पुसवला नव्हता. कधीतरी कोणाला तरी ऐकवू, या आशेनं त्यांनी तो डबा तसाच ठेवून दिला होता. डब्यावर रिवाजाप्रमाणे नाव मधुमतीचं. आणि आतला आवाज दुसरीचा आहे, हे सांगणारे नागनाथकाका वर्षापूर्वीच वारलेले.

कॅसेट घरात आणली मुलीनं. सुलोचना, वय तेरा, मधुमतीचा फोटो अभ्यासाच्या टेबलावर लावणारी. द्वारका तीळ निवडत बसली होती. पाचवं गाणं लागलं आणि तिचे हात थांबले.

"परत लाव."

"आई, तुला आवडलं?"

"परत लाव म्हणतेय ना."

तीनदा ऐकलं. मग ती म्हणाली, "हा माझा आवाज आहे."

सुलू हसली. वाईट मनानं नाही, पण हसली. "आई, मतलब, तू आणि मधुमतीजी? काहीही हां."

ते हसू द्वारकाच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनच्या चहावाल्याच्या टेपवर तेच गाणं चाललं होतं. पार्वती झाडू टेकवून उभी राहिली आणि सरळ वरच्या खोलीत आली. "बाईसा, आप गाती भी हो, कभी बताया नहीं."

"किसने कहा?"

"किसने क्या कहना. सात साल से सुन रही हूँ. साँस ही नहीं लेती आप. वो भी नहीं ले रही."

द्वारकानं कंपनीला पत्र लिहिलं. नीट, सभ्य. तारीख दिली, स्टुडिओ सांगितला, वादकांची नावं लिहिली. उत्तर आलं ते असं: मधुमतीजींच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारे चाहते देशभर आहेत, आपल्या प्रेमाबद्दल आभार. सोबत मधुमतीचा सही केलेला फोटो.

त्याच आठवड्यात एका मासिकात मुलाखत आली. नव्या कॅसेटमधली लांब 'डोर' सगळ्यांना वेड लावत होती. मधुमती म्हणाली होती, मी मुळात ती तशीच गायले होते, रेकॉर्डच्या वेळी कंपनीनं कापली. म्हणजे तिला ठाऊक होतं. कॅसेट ऐकून तिनं आवाज ओळखला होता, आणि ओळखून खिशात घातला होता.

द्वारकानं तो फोटो फाडला नाही. देवाच्या फळीवर, पण उलटा ठेवला. रोज दिवा लावताना त्याची पांढरी पाठ दिसावी म्हणून. तिला आता पैसे नको होते, माफी नको होती. चारचौघांत लागलेला 'नक्कल' हा डाग चारचौघांतच, आणि त्याच बाईच्या तोंडावर पुसायचा होता. मधुमती संक्रांतीला जयपुरात गाणार, संध्याकाळी सात वाजता रामनिवास बागेत मंडप, आणि येणार पिंक सिटीनं, ही बातमी ज्या दिवशी आली त्या दिवशी ती दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवली.

जेवतानाच तिनं नवऱ्याला विचारलं, "स्टेशनवर कर्णे किती आहेत ओ?"

"बावीस."

"चालू किती?"

"सतरा. पाच कधीचे बंद पडलेत. का?"

"संक्रांतीपर्यंत बावीसच्या बावीस पाहिजेत."

उत्तमरावांनी घास खाली ठेवला. नवरा-बायकोत ही गोष्ट कधी मोकळी बोलली गेली नव्हती, पण देवाच्या फळीवरची ती पांढरी पाठ त्यालाही रोज दिसत होती. "नोकरी जाईल द्वारके."

"जाऊ दे की."

"माझीपण."

"तुम्ही कर्णे दुरुस्त करायलाय. ती तर तुमची ड्यूटीच आहे."

त्यानंतर आठवडाभर घरी येताना त्याच्या हाताला कर्ण्याच्या गंजाचा वास येत होता.

तर अशी संक्रांत उजाडली. गच्चीगच्चीवर टेप लागलेले, आणि दर तिसऱ्या गच्चीवर तेच गाणं. शास्त्री नगरापासून स्टेशनपर्यंत रिक्षातून येताना द्वारकानं स्वतःचा आवाज अकरा वेळा ऐकला. सबंध शहर तिच्या गळ्यावर पतंग उडवत होतं आणि 'वो काटा' म्हणून ओरडताना नाव घेत होतं दुसरीचं. तिनं रिक्षावाल्याला विचारलं, "गाना अच्छा है?"

"मधुमतीजी का है बहनजी, अच्छा ही होगा."

अकरा दहाला गाडी आली. द्वारकानं रोजच्या आवाजात सांगितलं, पिंक सिटी एक्सप्रेस प्लॅटफॉर्म नंबर एकवर आली आहे. बँड सुरू झाला. मधुमती उतरली. जरीची शाल, तेच मोठे गॉगल्स, अंगानं थोडी भरलेली, चेहऱ्यावर सवयीचं प्रसन्न हसू. कोणी लहरियाचा, लाटांच्या नक्षीचा साफा तिच्या डोक्यावर ठेवला. गर्दीत पुढे, सही घेण्यासाठी वही उंच धरून, सुलूसुद्धा होती. बँड दम घ्यायला थांबला.

द्वारकानं माईकचं बटण दाबलं आणि मुखडा सुरू केला.

ना ढोलक, ना गिटार. नुसता गळा, बावीस कर्ण्यांतून. चारही प्लॅटफॉर्मांवर माणसं थबकली. आणि मग जे झालं ते तिनं ठरवलं नव्हतं. लोक टाळ्या वाजवायला लागले. "स्टेशनवालों ने कैसेट लगाई," कोणीतरी ओरडलं आणि गर्दी मधुमतीच्या नावानं गर्जू लागली. मधुमतीनं वर बघून कर्ण्यांना हात जोडले. एवढ्यावर न थांबता, स्टेजवर टेप लावून तोंड हलवायची तिची सवय इतकी अंगात मुरलेली, की तिचे ओठ आपोआप गाण्याबरोबर हलू लागले. हातही लाटेसारखा फिरू लागला.

काचेतून द्वारका बघत होती. आपला आवाज त्या ओठांवर नाचताना बघत होती. कट असा होता, की गाणं संपल्यावर आपलं नाव सांगायचं. पण नावाला कोण विचारतो? नाव कोणीही सांगेल. हे लोक नाव ऐकतील, हसतील आणि निघून जातील, जशी सुलू हसली. आणि आता मुखड्याची शेवटची ओळ उरली होती.

नाटकं पुष्कळ झाली, पण नटानं ऐन वेळी संवाद बदलून अख्खं नाटक फिरवलेलं असं दुसरं ऐकिवात नाही.

तिनं 'डोर' धरली. आठ मात्रा. खाली मधुमतीनं तोंड उघडलं, हात वर नेला, डोळे मिटले. बारा. सोळा. टाळ्यांचा नुसता पाऊस. सतरा, अठरा. आणि तो सूर न तोडता, श्वास न घेता, त्याच सुरावरून द्वारका खाली उतरली ती अशी: "...यात्रीगण कृपया ध्यान दें, चौमूं-सामोद, रींगस होकर सीकर जानेवाली सवारी गाड़ी प्लेटफॉर्म नंबर चार से रवाना होगी."

मधुमतीचं तोंड अजून 'डोर'वर उघडंच होतं.

टाळ्या आपोआप विरल्या. सात वर्षं रोज कानावर पडलेलं वाक्य आणि सबंध दिवाळीभर ऐकलेलं गाणं एकाच श्वासात आलं होतं. त्यात शंकेला फट नव्हती. पहिला हसला तो एक म्हातारा हमाल. डोक्यावरची ट्रंक सावरत तो म्हणाला, "अरे, ये तो अपनी टेसन वाली बाई है." मग त्याच्या शेजारचा हसला. मग हसू प्लॅटफॉर्मभर पसरलं, बँडवाल्यांपर्यंत गेलं. सुलूनं वही खाली केली आणि वरच्या काचेकडे मान वळवली, ती वळवूनच राहिली.

एका वार्ताहरानं छोटा टेपरेकॉर्डर पुढं केला. "मधुमतीजी, वही एक लाइन, आप भी."

"सफर में गला बैठ गया है."

"तो शाम को सुनेंगे," गर्दीतून कोणी म्हणालं. "पर बिना टेप के." आणि हे 'बिना टेप के' अर्ध्या मिनिटात घोषणेसारखं झालं. पार्वती वेटिंग रूमच्या दारात झाडू उलटा धरून उभी होती, सगळ्यांत मोठा आवाज तिचा.

आधी वर आले ते स्टेशनचे साहेब, नंदकिशोरजी. भला माणूस, पण घामाघूम झालेला. "द्वारकाजी, ये आपने क्या किया?"

"गाड़ी का समय बताया, साहब."

"उसके पहले?"

"उसके पहले का मेरा था."

याची शिक्षा तिला झाली. माईक काढून घेतला गेला आणि निवृत्तीपर्यंतची उरलेली वर्षं तिनं पार्सल ऑफिसात शिक्के मारत काढली. त्याबद्दल तिनं कधी कुरकुर केली नाही. उलट कोणी हळहळलं की तिला राग यायचा. पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी ड्यूटी पुरी करायची तिला मुभा होती, कारण दुसरं कोणी नव्हतं. आणि बाराच्या सुमाराला जिन्यावर उंच टाचांचा आवाज आला.

मधुमती एकटीच आली. दार लावून घेतलं. साफा काढलेला, गॉगल हातात. डोळ्यांखाली काळं होतं. ती मूळची पुण्याची, पण मुलाखतीत ते कधी सांगत नसे. आता मात्र मराठीतच बोलली.

"तुम्ही मराठी आहात, असं खाली कळलं."

"मिरजेची."

"आपण भेटल्याचं मला आठवत नाही."

"मला आठवतंय की. तुम्ही अबोली साडी नेसला होता. मी कोपऱ्यात चहा पीत होते. तुम्ही नागनाथकाकांना म्हणालात, ही माझ्या गळ्याची नक्कल करते."

मधुमती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. "मी तेव्हा लहान होते हो."

"सव्वीस वर्षांच्या होता. मी चोवीसची."

"बरं. काय हवंय तुम्हाला? पुढच्या छपाईत कॅसेटवर नाव घालते."

द्वारका रजिस्टरमध्ये अजमेरच्या गाडीची वेळ बघत राहिली.

मग मधुमती बसली, आणि तिनं जे सांगितलं ते सांगायला छाती लागते, एवढं तिच्या बाजूनं म्हणायला हवं. "टेप आता लावता येणार नाही. लोक ती 'डोर' मागणार. माझ्याकडून ती आठच्या पुढं कधीच गेली नाही. तेव्हाही नाही, आता तर नाहीच. पाच हजार माणसं येणार आहेत." तिचा आवाज बसलेला होता, तो खोटा नव्हता. "तुम्ही पडद्याआड उभ्या राहा. तेवढी एक ओळ गा. मी ओठ हलवीन. आणि शेवटी, शप्पथ घेते, तुम्हाला हात धरून पुढं आणीन. सगळ्यांसमोर सांगेन ही कोण ते. यापेक्षा जास्त मी काय देऊ शकते?"

नऊ वर्षांपूर्वी कोणी एवढं म्हटलं असतं तर द्वारका अनवाणी धावत गेली असती. पाच हजार माणसं, दिवे, आणि हात धरून पुढं नेणारी मधुमती. बाहेर कुठल्यातरी गच्चीवर गाणं पुन्हा त्याच ओळीला आलं होतं आणि दोघीही ते ऐकत होत्या. सूर उठला, चढला, सोळापर्यंत गेला. मधुमतीनं मान खाली घातली.

द्वारकानं तांब्यातलं पाणी ग्लासात ओतलं. ग्लास तिच्यापुढं सरकवला. मग माईकची मान आपल्याकडे वळवून घेत, रोज प्रवाशांशी बोलायची त्याच शांत आवाजात म्हणाली:

"साडेपाचला माझी ड्यूटी सुटते. तुमचं गाणं सातला आहे न्हवं? पुढच्या रांगेत एक खुर्ची धरून ठेवायला सांगा. तुम्ही गायचं, मी ऐकते."